वरच्या डाव्या कोपऱ्यातलं कडं

जिन्यावर चपला-बुटांचा एवढा ढीग होता की पुतणीला पाय ठेवायला जागा शोधत वर चढावं लागलं. काका गेल्यापासून अकरा महिने या घराकडे कुणी फिरकलं नव्हतं. ती स्वतःही नाही. आज मात्र बैठकीच्या खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती.

भिंतीवर दाराएवढे तीन फोटो टांगले होते: एकात तेजोमेघ, दुसऱ्यात तारकागुच्छ, तिसऱ्यात दीर्घिका. तिन्ही फोटो काकांच्या गच्चीवरच्या दुर्बिणीतून काकूने काढलेले. आणि तिन्हींत, वरच्या डाव्या कोपऱ्यात, एक उजळ कडं. मधे भोक, अंगठीसारखं.

"विज्ञान म्हणतं, तारा बघा," फोटोपुढे उभा असलेला शालवाला म्हणाला. "मी म्हणतो, ताऱ्याआडचा माणूस बघा! दुर्बीण कुठेही वळवा, वलय त्याच जागी. का? ज्याचा जीव अडकलाय, तो जागा सोडत नाही. त्याची कंपनं मला इथे, कानशिलात जाणवतात. बाराशे एक!"

"बाराशे एक," मागून कुणीतरी भारावून पुटपुटलं. वरचं एक कशाचं, हे कुणी विचारलं नाही.

लोक त्याला वलयबाबा म्हणत. आजवर तो जिवंत माणसांच्या फोटोंतली वलयं वाचायचा. आकाश हे नवं गिऱ्हाईक होतं.

काकू पहिल्या रांगेत बसली होती. तिचा चेहरा उजळला होता. पुतणीने तिला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं.

"उद्या दुर्बीण बाबांच्या केंद्रात चाललीय म्हणे?"

"दुर्बीण आणि मी. तिथे मला खोली दिलीय. प्रत्येकाला आपलं गेलेलं माणूस दाखवायचंय. हे घर बंद."

"एका कड्यासाठी, काकू?"

"तू अकरा महिने आली नाहीस," काकू शांतपणे म्हणाली. "कडं रोज येतं."

 काकांबरोबर पुतणीने वरच्या गच्चीवर कितीतरी संध्याकाळी काढल्या होत्या. ते गेल्यावर त्या रिकाम्या खुर्चीसमोर बसायचं धाडस तिला झालं नाही, एवढंच. ती कॉलेजच्या प्रयोगशाळेत उपकरणं सांभाळायची. बोलायला काही सुचलं नाही की प्रश्न विचारायचे, ही तिची सवय.

"फोटो काढलेस कसे?"

"यांच्या वहीत सगळं लिहिलंय. एक ते चौदा पायऱ्या. एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही."

"आणि कॅमेऱ्याला हात लावला होतास?"

"सुरुवातीला आतली काच तेवढी पुसली. यांच्या वस्तूवर धूळ राहू देऊ की काय?"

पुतणीने वही काखेत मारली. मग बाहेर येऊन म्हणाली, "महाराज, आत्मा दिवसा येतो का?"

"आत्म्याला घड्याळ नसतं, बाळ."

"मग वर चला. आणि तुमची पांढरी शाल द्या जरा."

सगळी गर्दी गच्चीवर गेली. ऊन उतरू लागलं होतं. पुतणीने शाल ताणून दुर्बिणीच्या तोंडाला बांधली, फोटो घेतला आणि वहीतल्या पायऱ्या एकेक करत गेली. संगणकाच्या पडद्यावर पांढरटपणा पसरला आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात कडं उमटलं.

"पाहिलंत!" बाबा गरजला. "माझ्या शालीतही आला!"

"आलाच. आता त्याला हलवू या." वहीतल्या एका पायरीत संगणकातला एक जुना फोटो वापरायचा होता; तो तिने उलटा फिरवला आणि तीच पायरी पुन्हा केली. कडं खाली उजवीकडे गेलं. "कंटाळला असेल एका कोपऱ्यात. मधोमध बसवू?"

कुणीतरी फिसकन हसलं. बाबाने कानशिलावरचा हात खाली घेतला.

मग तिने तो जुना फोटो सरळ करून मोठा केला. पांढऱ्यावर एक काळपट कडं, वर, डावीकडे. "काचेवर धुळीचा कण बसला की प्रत्येक फोटोत अशी सावली पडते. या दुर्बिणीच्या मधोमध छोटा आरसा आहे, म्हणून सावलीला भोक. ती घालवायला काका दुर्बिणीवर पांढरं कापड बांधून हा कोरा फोटो घ्यायचे. कोऱ्यात जिथे काळं, तिथे खरा फोटो संगणक तेवढाच उजळ करतो. फिट्टंफाट. पण काकूने धूळ पुसली. सावली गेली. संगणकाला कुणी सांगितलंच नाही! तो अजून उजळ करतोय, नसलेल्या सावलीसाठी."

तिने शालीचा नुकताच घेतलेला फोटोच कोरा म्हणून नोंदवला आणि शालीचा आणखी एक फोटो काढला. कडं नव्हतं.

"आज कंपनं विस्कळीत आहेत," बाबा म्हणाला.

"किती आहेत? बाराशे?" मागून आवाज आला.

शाल सोडून घेऊन तो उतरला. त्याच्यामागे जिन्यावर चपलांची शोधाशोध झाली. दहा मिनिटांत घर पुन्हा पूर्वीसारखं झालं.

काकू काकांच्या खुर्चीत बसली होती. "म्हणजे ते कधी आलेच नाहीत?"

"नाही, काकू." पुतणीला खोटं बोलता आलं असतं. तिने कोऱ्या फोटोवरची तारीख दाखवली. काका जाण्याच्या तीन आठवडे आधीची. "त्या दिवशी ते इथे उभे होते, कापड बांधत. काचेवर तो कण होता. एवढं मात्र खरं आहे."

काकूने पडद्यावरच्या त्या काळपट कड्यावर बोट ठेवलं. "पुसून टाकणार का हा?"

"कशाला? जपून ठेव. फक्त वापरू नकोस."

काकूने घरातून एक धुतलेली चादर आणली. एक टोक तिने धरलं, दुसरं पुतणीने, आणि दोघींनी ती दुर्बिणीच्या तोंडाला बांधून नवा कोरा फोटो घेतला. मग काकूने वही उघडली आणि चौदाव्या पायरीखाली आपल्या अक्षरात पंधरावी लिहिली: काचेला हात लागला की कोरा फोटो नवा घ्यावा. काही अजब दिसलं तर हात जोडण्याआधी विचारावं, हे आकाशात आहे की आपल्याच काचेवर.

"उद्या गाडी येईल तिला काय सांगू?"

"परत पाठव. संध्याकाळी मी येते."

"येशील?"

"दुसरं टोक कोण धरणार?"