साहेब बसले की

माझ्या बदलीच्या फाईलवर तीन आठवडे सही झाली नाही, कारण साहेब बसत नव्हते. हे कुणाला सांगितलं तर खोटं वाटतं. कधी कधी मलाही वाटतं.

मी अलकनंदा, केंद्र सरकारच्या एका कार्यालयात सेक्शन ऑफिसर. कार्यालय दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावर, बिऱ्हाड मयूर विहारात, नवरा विलास आणि सातवीतला साकेत पुण्यात. दोन वर्षांपूर्वी बढती घेऊन इकडे आले तेव्हा साकेत रोज फोनवर भांडायचा, "कधी येणार?" आता भांडत नाही. जेवलास का विचारलं की "हो" म्हणतो आणि गप्प बसतो. त्यापेक्षा भांडण परवडलं. पुण्यात एक जागा रिकामी झाली तसा मी अर्ज टाकला. साहेबांची सही होऊन फाईल तीस तारखेला पाचच्या आत खाली प्रशासन शाखेत पोचली तर मी पुण्याला, नाहीतर आणखी तीन वर्षं दिल्ली.

आमचे संचालक भटनागर साहेब माणूस वाईट नाही. त्यांची पाठ धरली, डॉक्टर म्हणाले बसणं कमी करा, आणि साहेबांनी तो सल्ला अख्ख्या कार्यालयाला लागू केला. परिपत्रक निघालं: दर अर्ध्या तासाने पाच मिनिटं उभं राहून काम करावं. या मोहिमेची नोडल अधिकारी, म्हणजे काही बिनसलं तर जिला धरायचं ती, मी. साहेबांच्या केबिनमध्ये उंच टेबल आलं आणि साहेब त्याच्यामागे उभे राहिले.

इथेच माशी शिंकली. केबिनची भिंत काचेची, छातीपर्यंत दुधी आणि वर स्वच्छ. साहेब उभे राहिले की अख्ख्या हॉलला दिसतात. आणि साहेब उभे असताना खुर्चीत बसून राहायची सरकारी नोकरीत कुणाची टाप आहे? परिपत्रक पाच मिनिटांचं, सवय तीस वर्षांची. सगळा हॉल उभा राहिला. साहेबांनी काचेतून पाहिलं आणि त्यांना भरून आलं. कर्मचारी एवढ्या उत्साहाने उभे असताना आपण कसं बसायचं, म्हणून तेही उभेच राहिले. ते उभे म्हणून आम्ही, आम्ही उभे म्हणून ते. पहिले दोन दिवस गंमत वाटली. दुसऱ्या आठवड्यात हॉलमधल्या भानुमती मॅडम सुजलेल्या पायांत नवऱ्याच्या चपला घालून आल्या.

आणि माझी सही? महत्त्वाची फाईल बसून वाचायची, ही साहेबांची जुनी सवय. उभ्या उभ्या ते ईमेल बघत, फोन घेत. माझी फाईल पुढे केली की म्हणत, "इसे आराम से बैठकर देखूँगा." त्यांचा पीए नरसिंह लातूरचा. तो दारातच मला धीर द्यायचा, "ताई, साहेब बसले की पहिली तुमचीच फाईल." माझं डोकं चालेना. सगळे उभे राहावेत म्हणून मोहीम चालवायची मी, आणि सगळे बसावेत म्हणून देव पाण्यात घालून बसलेलीही मीच.

हॉलमध्ये जाऊन सांगून पाहिलं, "पाँच मिनट हो गए, अब बैठ जाइए." लोक संशयाने बघायला लागले. एक जण म्हणाला, "मॅडम, आप टेस्ट ले रही हैं ना?" आणि आणखी ताठ उभा राहिला. साहेबांना तरी काय सांगणार? तुमची मोहीम फारच यशस्वी झालीय, ती थांबवा?

"अगं, सरळ सांग ना त्यांना, बसून सही करा," विलास फोनवर म्हणाला.

"साहेबांना बसा कसं म्हणायचं? बसा असं ते आपल्याला म्हणतात!"

तो हसला. मला त्याचा राग आला.

तीस तारखेला साडेचार वाजता मी फाईल घेऊन आत गेले. साहेब उभे, एक हात कमरेवर. "हाँ अलकनंदाजी, इसे बैठकर..."

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी समोरची खुर्ची ओढली आणि बसले. न विचारता, अठरा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा. बाहेरची कुजबुज बंद झाली. साहेब माझ्याकडे बघत राहिले. उठावं? माफी मागावी? का आता बसलेच आहे तर बसूनच राहावं? तोंडातून भलतंच बाहेर पडलं, "सर, मेरे पाँव दुख रहे हैं."

साहेबांनी एकदा काचेबाहेर पाहिलं. मग टेबलाला धरून, कण्हत, ते खुर्चीत टेकले.

"मेरे भी," ते म्हणाले. "तीन हफ़्ते से. आप लोग खड़े थे, मैं कैसे बैठता?"

साहेब दुधी काचेआड गेले तशा बाहेर खुर्च्या सरकायला लागल्या. त्यांनी चष्मा लावला आणि फाईल पहिल्या पानापासून वाचायला घेतली. किती सावकाश वाचतो हा माणूस! पाचला दहा कमी असताना सही झाली. "अब बैठी रहिए, चाय मँगवाता हूँ," ते अजिजीने म्हणाले. "आप उठीं तो सब उठ जाएँगे."

"सॉरी सर," म्हणून मी उठले आणि धावत सुटले. खाली शिक्का पडला तेव्हा पाचला चार मिनिटं होती. जिन्यातूनच मी घरी फोन लावला.

"साकेत, बदली झाली रे. मी येतेय."

तो म्हणाला, "पण आई, तुझ्या कपाटाच्या जागी मी माझं टेबल लावलंय. तू सामान कुठे ठेवणार?"

त्या घरात माझी जागा कोणती, हेच मला क्षणभर आठवेना.

"राहू दे टेबल," मी म्हटलं. "मी ठेवीन कुठेतरी."

"नको," तो म्हणाला. "जड आहे, पण बाबा आले की आम्ही हलवतो. आजच हलवतो."

आजच, म्हणाला तो. मला तिथेच रडू फुटलं.