राखून ठेवलेला दांडा

मित्रांनो, घेताना चार चाकांचा जोर पाहायचा आणि घरी नेऊन दोनच चाकांवर राबवायचं, याला काय म्हणावं? आवडाबाईंनी माझ्याशी असंच केलं. मी एक जुनी जीपगाडी आहे. आता खाजणवाडीत माडाखाली उभी असते. माझ्या मागच्या बाकाखाली कोंबड्या अंडी घालतात, तेही मी सोसते. पण आवडाबाईंचं ते वागणं काही माझ्या मनातून जात नाही.

माझा जन्म परदेशात, लढाईसाठी झाला. नेमका कुठे ते मला विचारू नका, मला वाचता येत नाही. लढाई संपली, मी मुंबईला नुसती पडून राहिले. सत्तेचाळीस साली नको झालेल्या गाड्या लिलावात निघाल्या, तेव्हा माणगावच्या एका ठेकेदाराने मला उचललं. त्याची मी खडी वाहिली, साहेब वाहिले, एकदा तर लंगडा रेडासुद्धा वाहिला. पुढे पेट्रोल परवडेना म्हणून त्याने माझं पोटच बदललं. अंबाजी मिस्त्रीने पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवलं. तेव्हापासून माझा आवाज मोठा झाला. लोक नावं ठेवायचे, आणि चढण आली की गुपचूप माझ्यातच येऊन बसायचे.

पण माझी खरी दौलत वेगळीच. गिअरच्या दांड्याशेजारी माझ्याकडे आणखी एक आखूड दांडा आहे. तो ओढला की मागच्या चाकांबरोबर पुढचीही जोर धरतात. मग चिखल असो, वाळू असो, मी थांबत नाही. फुशारकी वाटली तर वाटू द्या, खोटं मी बोलत नाही.

एकोणसाठ साली ठेकेदाराने मला विकायला काढलं आणि आवडाबाई आल्या. नवरा गेल्यावर सुपारीची वाडी एकटीने सांभाळणारी बाई. कागदावर अंगठा उठवायची, पण नजर अशी की समोरच्याने आपणहून खाली बघावं. बरोबर मुलगा विठोबा. त्याला गाडी हाकता येत होती, बोलता मात्र येत नव्हतं. आईपुढे कुणालाच येत नसे.

आवडाबाई माझ्याभोवती दोनदा फिरल्या. चाकाला लाथ मारली. वाकून खालून पाहिलं.

"हिला काय खोड हाय म्हणून काढतोस रं?"

"खोड कसली बाय, मी नवी गाडी घेतली."

"दुसरी बायको आणणारा बी असंच सांगतो."

ठेकेदार हसला आणि त्याने मला नदीच्या रेतीत नेलं. मुद्दाम रुतवलं. मग आखूड दांडा ओढला. मी चारही पायांनी रेती तुडवत वर आले, तेव्हा आवडाबाईंच्या तोंडावरचा पदर बाजूला झाला.

"हीच," त्या म्हणाल्या. "मला हा दांडाच पायजेल."

त्याचं कारण होतं. खाजणवाडीच्या एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी. ओहोटीला खाडीचं पात्र काही वेळ उघडं पडायचं, तेवढ्यात पलीकडच्या रस्त्याला लागायचं. एरवी डोंगरातली पायवाट. होड्यांसाठी बंदरात डिझेल मिळायचंच, तेच मी पिणार. पण त्याहून मोठं कारण म्हणजे मैना, त्यांची धाकटी लेक. ती तेव्हा पाचवीत होती. सातवीची मोठी परीक्षा माणगावला व्हायची. ती पास झाली की मुलीला मास्तरीण होता यायचं. "मी अंगठा उठवला," आवडाबाई म्हणायच्या, "माझी पोर दुसऱ्याच्या पोरांचा हात धरून गिरवून घेईल."

निघताना अंबाजी मिस्त्रीने बजावलं, "आवडाबाय, आठवड्यातून एकदा तरी हा दांडा ओढा. फर्लांगभर चालवा, तेल द्या. न्हाय तर जाम व्हईल."

"बरं बरं," आवडाबाई म्हणाल्या.

घरी आल्यावर त्यांनी काय केलं माहीत आहे? दांड्याला हळदकुंकू लावलं, वर लाल फडकं बांधलं आणि विठोबाला सांगितलं, "ह्याला हात लावायचा न्हाय. अडीनडीला ठेवायचा."

"मिस्त्री म्हनला..."

"मिस्त्रीला काय जातंय? वापरली की वस्तू झिजते."

त्यांचं सगळंच तसं. चांगली पितळी भांडी माळ्यावर, आम्ही जेवायचो ॲल्युमिनियमच्या थाळ्यांत. आम्ही म्हणजे ते लोक, मी डिझेलवाली. कोरं लुगडं पेटीत घड्यांवर विरून गेलं, नेसलं कुणीच नाही. त्या रांगेत माझा दांडा बसला.

मग खाडी कशी ओलांडायची? गडी पुढे जाऊन माझ्या चाकांखाली नारळाच्या झावळ्या पसरायचे आणि मागून ढकलायचे. खारं पाणी माझ्या पोटाखाली उडायचं, सुकायचं, पुन्हा उडायचं. आत काय होतंय ते मला कळत होतं. पण मला विचारतो कोण?

बासष्टचा चैत्र आला. मैनेला मागणी आली होती, मुलाकडचे घाई करत होते. आवडाबाईंनी त्यांना स्पष्ट सांगितलं, "पास झाली तर दोन वर्षं थांबायचं. न्हाय झाली तर वैशाखात अक्षता." त्यांना वाटत होतं, आपण पैज जिंकलेलीच आहे. पोर हुशार होती हो. माझ्या बाकावर बसून मोठ्याने कविता पाठ करायची, मलासुद्धा चार ओळी यायला लागल्या होत्या.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारच्या ओहोटीला आम्ही निघालो. विठोबा, आवडाबाई आणि मांडीवर पाटी-पुस्तकं घेऊन मैना. गावातले सगळे गडी देवीच्या जत्रेला डोंगरापलीकडे गेले होते. झावळ्या पसरायला कुणी नाही, ढकलायला कुणी नाही. खाडीच्या ऐन मध्यात माझी मागची चाकं रुतली.

आवडाबाई जरासुद्धा घाबरल्या नाहीत. दागिन्याची पेटी उघडावी तशा डौलात त्यांनी ते लाल फडकं सोडलं.

"वढ विठोबा. याच दिवसासाठी राखलाय."

विठोबाने ओढला. दांडा हलला नाही. दोन्ही हातांनी ओढला. पाय टेकवून ओढला. आवडाबाईंनी दगड घेऊन त्याच्यावर घाव घातले. मित्रांनो, मी किती जोर लावला ते माझं मलाच ठाऊक! पण अडीच वर्षांचा गंज माझ्याही हातात नव्हता.

"आये, पाणी," मैना म्हणाली. भरती लागली होती.

ती तिघं गुडघाभर पाण्यातून मागे गावाच्या काठाला आली. मैनेने पुस्तकं डोक्यावर धरली होती. डोंगराच्या वाटेने ती रस्त्याला पोचली तोवर एस.टी. निघून गेलेली. दुसऱ्या दिवशी मिळेल त्या खटाऱ्याने माणगाव गाठलं, तेव्हा पहिला पेपर संपून मुलं बाहेर येत होती. एक पेपर बुडाला म्हणजे नापासच. वैशाखात अक्षता पडल्या. आवडाबाईंनी शब्द दिला होता, आणि शब्द मोडणाऱ्यांतल्या त्या नव्हेत.

मला बैलांनी ओढून काढलं. अंबाजी मिस्त्री आला, त्याने दांड्याचं सगळं खोललं, तेल सोडलं, ठोकलं. दांडा सुटला. त्याने हात पुसले आणि सांगितलं, "दोन तासांचं काम व्हतं, आवडाबाय."

खाऱ्या पाण्याने माझं इंजिन खाल्लं होतं. आणखी तीन पावसाळे मी कसेबसे ओढले आणि माडाखाली थांबले. तेव्हापासून आवडाबाई रोज सकाळी येतात. आखूड दांडा ओढतात, सोडतात, ओढतात, सोडतात. आता तो लोण्यासारखा चालतो. चाकांत हवा नाही, पोटात डिझेल नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं कुणी असेल तर त्याला पुजू नका. त्याला कामाला लावा, मग पुसा, तेल द्या, पुन्हा कामाला लावा. आम्हा गाड्यांना जपणं म्हणजे एवढंच.

परवा मैना माहेरी आली, लेकीला घेऊन. गोदू सहा वर्षांची, नुकती शाळेत घातलेली. आजीने तिच्यासाठी माणगावहून लाकडी चौकटीची नवी पाटी आणवली होती. गोदूने हात पुढे केला, तर आवडाबाईंनी पाटी फडक्यात गुंडाळली.

"आत्ता नको, फोडशील. मोठी झालीस की काढू. तवर जुन्या तुकड्यावर गिरव."

फडकं लाल होतं. मैनेने ते पाहिलं. सात वर्षांत तिने आईला एका शब्दाने बोल लावला नव्हता. ती उठली, आईच्या हातातून पाटी काढून घेतली, गोदूला माझ्या बाकावर बसवलं आणि पाटी तिच्या मांडीवर ठेवली. मग माझ्या दांड्यावर हात ठेवून ती आवडाबाईंना मोठ्याने म्हणाली,

"आये, तू हा दांडा राखलास आणि मी घरात राहिले. पाटी फुटली तर फुटू दे. माझ्या पोरीचं काय बी राखायचं न्हाय."