भुवयांमधला पूल

चष्म्याच्या दोन काचांमधल्या जोडाला आमच्या दुकानात 'पूल' म्हणतात. माझ्या भुवयाही मध्ये जुळलेल्या, थेट बाबांसारख्या, म्हणून त्यांनी माझं नाव ठेवलं पुलाबाई. दुकान माझ्या हवाली केलं आणि हळूहळू त्यांना माणसं ओळखू येईनाशी झाली. मी मात्र ओळखू यायची. रोज घरी गेले की ते अंगठा माझ्या भुवयांच्या मधोमध दाबायचे, फ्रेम बसवताना दाबतात तसा. "आलीस का गं, पुलाबाई?"

एकदा फ्रेम बघता बघता एक बाई फिदीफिदी हसल्या, "तुम्हाला तर जन्मतःच चष्म्याची मधली दांडी मिळालीय!" अख्खं दुकान हसलं. मीही हसले, आणि आतून नुसता जळफळाट. त्याच आठवड्यात भुवयांमधले केस काढून टाकायला लेझरवालीच्या खुर्चीत जाऊन बसले.

"हे कायमचं असतं हं. नंतर परत हवेत म्हणालात, तर माझ्याकडे इलाज नाही," ती म्हणाली.

"परत कोणाला हवेत मेले!"

रबर ताणून सोडावं तसे चटके बसायचे. दर खेपेला केस विरळ होत गेले, आणि बाबांचा अंगठा कपाळावर जरा जास्त रेंगाळायला लागला. मला वाटलं, वय झालं त्यांचं. अक्कल माझीच गहाण पडली होती!

शेवटच्या खेपेनंतर घरी गेले, तर बाबा खुर्चीतून उठून उभे राहिले. "या, बसा ना. आमची मुलगी येईलच एवढ्यात."

"अहो बाबा, मीच ती!"

ते कसंनुसं हसले. अनोळखी माणसाला दुखवू नये म्हणून हसतात तसं. आयुष्यात पहिल्यांदा बाबा मला 'अहो-जाहो' करत होते. त्या हसणाऱ्या बाईला काय बोल लावू? खुर्चीत जाऊन बसले ती मीच ना!

दुसऱ्या दिवशी दुकानातून निघताना आरशासमोर पेन्सिलीने पूल काढला. एकेक केस, जीव ओतून. घरी त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसले. त्यांनी निरखून पाहिलं. अंगठा उचलला. मी कपाळ पुढे केलं.

"अहो, तुमच्या कपाळाला काहीतरी काळं लागलंय," ते म्हणाले. सदऱ्याचं टोक बोटावर गुंडाळून त्यांनी ते हळूहळू पुसलं, काच पुसायचे तसंच, कडेपासून मध्यापर्यंत. मग मान मागे घेऊन खात्री केली.

"झालं बघा स्वच्छ. पुलाबाई आली की सांगतो हं तिला, तुम्ही येऊन गेलात म्हणून."