जानकाबाईची वरची दाढ

"अहो मॅडम, एवढे दात? दरोडा घातलात की काय?"

हर्षालीने असं विचारताच सगळा वर्ग फिस्सकन हसला. यशोधराने टेबलावर लोणच्याची काचेची बरणी ठेवली होती आणि बरणीत, औषधाच्या पाण्यात, दोनेकशे दात होते. सरांनी फक्त वीस आणायला सांगितले होते. आधीच दाताचे डॉक्टर झालेल्यांसाठी पुण्यात चालणारा हा वर्ग. सहा महिने, महिन्यातून दोन रविवार. दाढ न उपटता तिची मुळं साफ करून ती वाचवायची कशी, ते इथे शिकवायचे. हात बसायला उपटलेले दात लागतात आणि पुण्याच्या तरण्या डॉक्टरांना ते मिळता मिळत नव्हते. कुणी पाच आणले होते, कुणी सात. पिंपळवंडी स्टँडवर सतरा वर्षं दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टर यशोधराला मात्र दातांचा तोटा नव्हता.

सरांनी चिमट्याने एक दात काढून उजेडात धरला. "हा का काढला?" मग दुसरा. "हाही वाचला असता." मग तिसरा. "मॅडम, यातले निम्मे दात अजून तोंडात असायला हवे होते."

आता कुणी हसेना. एक्केचाळीस वर्षांची बाई, वर्गात सगळ्यांत थोरली. दुसरी कुणी असती तर खाली मान घालून बसली असती. यशोधराने मान वर केली.

"सर, मला वाचवता येत असते तर पहाटेची एसटी धरून इथं कशाला आले असते? आणि दात वाचवायचा तर माणूस चार वेळा यावा लागतो. आमच्याकडचा माणूस बाजाराच्या दिवशी येतो, 'उपटा' म्हणतो आणि तीनची गाडी धरून जातो. तुम्ही या एकदा माझ्या खुर्चीपाशी, मग विचारा का काढला."

सरांनी तो दात बरणीत परत टाकला. हर्षाली लगेच "मला दहा द्याल?" म्हणत बरणीपाशी आली. संध्याकाळपर्यंत बरणी अर्ध्यावर आली होती.

खरं सांगायचं तर सरांचं बोलणं तिला झोंबलं होतं, कारण ते खरं होतं. दवाखाना घातला त्या वर्षी तिची आई लंकाबाई सुजलेला गाल घेऊन आली. कॉलेजात पुढच्या दातांचं शिकवलं होतं, दाढेच्या वाकड्यातिकड्या मुळांना हात लावायची यशोधराची हिंमत नव्हती. तिने दाढ काढली. पुढे आणखी तीन काढल्या. "माझ्या लेकीनं काढल्या, कळलंबी न्हाई," असं आई वस्तीभर सांगत फिरली. आणि शेवटची दहा वर्षं ती माउली भाकरी चहात बुडवून गिळत राहिली. त्या चारही दाढा वाचल्या असत्या, हे यशोधराला आई गेल्यावर, पुस्तकं वाचता वाचता कळलं. त्या रात्री ती ढसाढसा रडली होती. दातासाठी रडली म्हणून लोक हसतील, तर हसोत बापडे!

वर्गाची अट एकच होती. शेवटच्या रविवारी आपला पेशंट आणायचा आणि सरांसमोर एक दाढ दोन तासांत साफ करून, भरून दाखवायची. मगच सर्टिफिकेट. इकडे दवाखान्यातल्या गेणूभाऊंनी आधीच भिंतीत खिळा ठोकून ठेवला होता. गेणूभाऊ तिच्याकडे पहिल्या दिवसापासून कामाला, वयाने वडीलधारे. "फ्रेम आल्यावर धावपळ नगं," म्हणाले.

खिळा तयार, पण पेशंट मिळेना. "दुखतीया तर उपटा की राव, पुन्याला कुटं नेताय?" जो तो हेच म्हणे. यशोधराने हात टेकायचे तेवढे बाकी राहिले होते, आणि अशात आणे गावाहून जानकाबाई आली.

साठीची बाई, उजवा गाल सुजलेला, कमरेला मिशरीची डबी. तोंडात त्या बाजूला वरची एक आणि खालची एक, एवढ्याच दाढा उरलेल्या. चावायला तेवढीच जोडी.

"कळ थांबवा डाक्टरीणबाई, पर काढू नका. वरची दाढ काढली की डोळ्याची शीर तुटती. मी गोधड्या शिवते. अजून सुईत दोरा माझा मी ओवते."

सतरा वर्षं यशोधरा या समजुतीशी भांडत आली होती. आज गप्प बसली असती तर पेशंट आयताच मिळाला असता. पण खोट्याच्या आधाराने पेशंट नेणं तिला पटेना.

"मावशी, डोळ्याचा आणि दाढेचा काडीचा संबंध नाही. तरीपण मी तुमची दाढ काढणार नाही. कारण ती वाचण्यासारखी आहे. रविवारी पुण्याला याल माझ्याबरोबर?"

जानकाबाईने तिच्याकडे टक लावून पाहिलं. "डोळ्याचं ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. येते."

यशोधराने कीड खरवडली, कळ थांबायचं औषध आत घातलं आणि वरून तात्पुरतं बुजवलं. "इथं बोटसुद्धा लावायचं नाही बरं का!"

रविवारी दोघी एसटीने निघाल्या. आदल्या दिवशी पेशंट पाहता पाहता दमलेल्या यशोधराला मंचरच्या अलीकडेच डुलकी लागली. पुण्यात जानकाबाई खुर्चीवर बसली, तिने आ केला, आणि यशोधराने छोटा आरसा आत धरून पाहिलं. बुजवलेलं निघालं होतं आणि भोकात काळीकुट्ट मिशरी गच्च भरली होती.

"मंचरला चिक्की खाल्ली, त्यात निघालं त्ये," जानकाबाई अपराध्यासारखी म्हणाली. "तुमाला झोप लागली व्हती, कशाला उठवायचं? वारं लागून कळ येत व्हती, म्हनून मिशरी दाबली. आमी असंच करतो."

सरांनी वाकून पाहिलं आणि नाक मुरडलं. यशोधराला बाजूला घेतलं, पण आवाज काही बारीक केला नाही. "मॅडम, ही केस सोडा. हर्षालीने दोन पेशंट आणलेत, त्यातला एक तुम्ही करा, सर्टिफिकेट मिळेल. या बाईंची दाढ गावी गेल्यावर काढून टाका. चार वेळा येणार नाहीत त्या, तुम्हीच म्हणाला होतात."

जानकाबाईने ऐकलं. ती तोंडावर पदर धरून खुर्चीवरून उतरू लागली. "चुकलं माझं बाई. उगं तुमचा दिस खराब क्येला."

सहा महिन्यांचे बारा रविवार, पहाटेच्या बारा एसट्या आणि भिंतीतला तो खिळा, सगळं यशोधराच्या डोळ्यांपुढे आलं. तिने जानकाबाईच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला परत खुर्चीवर बसवलं.

"सर, ह्या माझ्या पेशंट आहेत. मी यांचीच दाढ करणार."

"दोन तासांत साफ करून भरून होणार आहे का?"

"नाही होणार. एवढी घाण आत गेलेली दाढ एका बैठकीत बंद करायची नाही, हे तुम्हीच शिकवलंत. आज धुऊन औषध घालीन. भरीन नंतर, पिंपळवंडीला."

"मग केस अपुरी धरावी लागेल. नियम म्हणजे नियम."

"धरा," यशोधरा म्हणाली.

तिने मिशरीचा कण न् कण धुऊन काढला. केसाएवढ्या बारीक सुयांनी एकेक मूळ शेवटापर्यंत साफ केलं. तिसरं मूळ वाकडं होतं, त्याने घाम फोडला. हर्षाली आपली केस संपवून आली आणि दिवा धरून उभी राहिली. सर दोनदा येऊन मागे थांबले. दुसऱ्या खेपेला हळूच म्हणाले, "हात चांगला बसलाय." सर्टिफिकेट मात्र बाकीच्या अकरा जणांनाच मिळालं.

परतताना एसटीत जानकाबाईने विचारलं, "त्यो कागुद माझ्यामुळं ग्येला न्हवं?"

"तुमच्यामुळं नाही. मी सोडला. तुम्ही फक्त पुढच्या बाजाराला या."

येईल का? यशोधराचं मन तिलाच खात होतं. सतरा वर्षं तीच म्हणत आली होती की आपली माणसं चार वेळा येत नाहीत. पण कधी कुणाला चार वेळा ये म्हटलं होतं तिने?

बाजाराच्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधी जानकाबाई पायरीवर बसलेली होती. आल्या आल्या तिने आ केला. "बघा, मिशरी न्हाई लावली. आठ दिस डोकं नुसतं भनभनलं, पर न्हाई लावली!"

ती त्या बाजाराला आली, त्याच्या पुढच्याला आली. तिसऱ्या खेपेला वीज गेली, तर दुपारी दोनपर्यंत बाकावर गोधडीला टाके घालत बसली. त्या दिवशी दाढ भरून झाली. एक्स-रेत तीन पांढऱ्या रेघा मुळांच्या टोकापर्यंत नीट उतरलेल्या दिसल्या. वाकडं मूळसुद्धा सुटलं नव्हतं.

चौथ्या बाजाराला ती आली ती फुटाण्यांची पुडी घेऊनच. बाकावर बसली, मूठभर फुटाणे उजव्या बाजूला टाकले आणि म्हणाली, "ऐका."

कुडुम, कुडुम. सगळ्या दवाखान्यात तेवढाच आवाज होता. यशोधरा दाराला टेकून ऐकत राहिली. तिला चहात बुडवलेली भाकरी आठवली आणि डोळे भरून आले. तिने ते पुसले नाहीत.

"म्याडम, त्यो खिळा काडून टाकू का?" गेणूभाऊंनी हळूच विचारलं. "उगं डोळ्यात खुपतो."

"राहू द्या."

तिने जानकाबाईच्या दाढेच्या एक्स-रेला दोरा बांधला आणि तो इवलासा काळा तुकडा खिळ्याला अडकवला. दोरा जानकाबाईनेच दिला, आपल्या गोधडीचा.

एवढ्यात गाल धरून एक गडी आत आला आणि खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाला, "उपटून टाका म्याडम, तीनची गाडी धरायचीय."

"गाडी जाऊ द्या," यशोधरा म्हणाली. "बसा. आ करा."