ढलप्यांची गादी

मासळीची भुकटी करणाऱ्या त्या कारखान्याचा पत्ता पूर्वी कुणाला विचारावा लागत नसे. नाक नेईल तिकडे चालायचं. मग मागच्या बाजूला सिमेंटचे दोन हौद बांधले, त्यांत छातीइतके लाकडाचे ढलपे भरले आणि मासळी सुकवणाऱ्या ड्रायरची सगळी घाण हवा पंख्याने खालून त्यांत सोडली. तेव्हापासून गल्लीतल्या खिडक्या उघड्या राहू लागल्या.

हौद मावशीच्या ताब्यात. "ढलप्यांवर जंतू राहतात, साहेब. वास हे त्यांचं जेवण. आपण फक्त पाण्याचं बघायचं," तिने नव्या सुपरवायझरला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्याने मान डोलावली होती. पटलं मात्र काडीइतकंही नव्हतं.

माणूस भला, पण स्वच्छतेचा भारी सोस. त्यात तपासणी बारा दिवसांवर आलेली. या खेपेला वास आला तर ड्रायरला सील आणि बत्तीस माणसं घरी, हे मालकाने त्याला दोनदा बजावलं होतं. रविवारी मावशी सुट्टीवर असताना तो हौदावर चढला, तर ढलप्यांवर पांढरी जाळी पसरलेली. बुरशी! त्याच्या अंगावर काटा आला. होतं नव्हतं तेवढं फिनेल त्याने पहिल्या हौदात ओतलं. दुसऱ्यापर्यंत ते पुरलं नाही, हे बत्तीस जणांचं नशीब.

सोमवारी मावशीने बाही वर करून कोपरापर्यंत हात ढलप्यांत खुपसला. तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा ती तो रोज ठेवायची.

"गार पडलाय," ती म्हणाली. मग हात हुंगला. "फिनेल कुणी ओतलं?"

"बुरशी आली होती, मावशी. मी साफ केली."

"बुरशी कसली? आपलेच कामगार होते ते. एका रविवारात सगळ्यांना घरी पाठवलंत."

दुपारपर्यंत वास फाटकापाशी पोचला. सुपरवायझर धावत हौदापाशी आला.

"नवे ढलपे मागवू?"

"मागवा. पण नुसतं दूध आणून दही लागतं का? विरजण नको?"

वरचा थर फेकायचा, खालचा धुऊन घ्यायचा, दुसऱ्या हौदातले उबदार ढलपे आणून नव्यांत कालवायचे, असं तिने ठरवलं. "आणि आठवडाभर ड्रायर अर्ध्यावर. आजारातून उठलेल्याच्या ताटात लगेच ढीग वाढत नाहीत."

"मालकांना काय सांगू?"

"खरं सांगा. ते लक्षात ठेवावं लागत नाही."

त्याने सांगितलं. सांगता सांगता मनात राजीनाम्याचा मजकूरसुद्धा तयार केला. शेवटी मालक म्हणाला, "अर्ध्यावर चालव. आणि वास आला तर त्या हौदात तुलाच पुरीन."

मग सुपरवायझरसाहेबांनी पँट दुमडून फावडं धरलं. मूठभर ढलपे पिळून बघायला मावशीने शिकवलं: दोन थेंब पडले तर ठीक, धार लागली तर पाणी जास्त. पाचव्या दिवशी त्याने हात घातला; गारच. सातव्या दिवशीही गार. मावशी नुसती पाण्याची नळी हलवत राहिली. नवव्या दिवशी मात्र आत ऊब लागली, अंथरुणातून नुकतंच कुणी उठून गेल्यासारखी. त्याने बराच वेळ हात काढला नाही. आजवर त्याने यंत्रं सांभाळली होती. सगळी गर्जायची, तेल मागायची. ही मंडळी डोळ्यांना दिसतही नव्हती आणि अख्ख्या कारखान्याची घाण मुकाट्याने संपवत होती.

"खाताहेत," तो पुटपुटला.

"मग? त्यांना दुसरं काम काय?" मावशी म्हणाली, पण हसली.

बाराव्या दिवशी तपासणीच्या बाई आल्या. दोन्ही हौदांवर वाकल्या आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "आज ड्रायर बंद ठेवलात वाटतं. मला चालू असताना बघायचंय."

सुपरवायझर त्यांना पलीकडच्या शेडमध्ये घेऊन गेला. ड्रायर पूर्ण जोरात धडधडत होता. बाई परत आल्या, पुन्हा चढल्या, पुन्हा वाकल्या.

"जंगलातल्या मातीसारखा वास येतोय," त्या म्हणाल्या. "हे सांभाळतं कोण?"

"या मावशी. मी मध्यंतरी मारायचं काम केलं, ते यांनी निस्तरलं."

बाईंनी सही केली. त्या गेल्यावर तो हौदाच्या कठड्यापाशी घुटमळला.

"मावशी, उद्यापासून सकाळचं पाणी मी घालू का?"

मावशीने नळीची गुंडाळी खाली ठेवली आणि हात पुढे केला.

"घाला की. आधी फिनेलच्या कपाटाची किल्ली द्या."