वाकडी रेघ

ऑरिन हॉगलंड रायफलवरची दुर्बीण परत करायला दुसऱ्यांदा आला, तेव्हा दुकानदारीण नादीनने नमस्कार-चमत्कार केले नाहीत. त्याने गल्ल्याजवळच्या रबरी पट्टीवर खोकं ठेवलं. तिने त्या खोक्याकडे पाहिलं आणि मग त्याच्याकडे.

"आता हिचं काय बिनसलं?"

"रेघ वाकडी आहे."

"कुठली?"

"उभी. नेमाच्या फुलीच्या जरा खाली पोट आल्यासारखं दिसतं."

"पहिलीचंही हेच म्हणाला होतास."

"मग? दोन्ही वाकड्या निघाल्या, त्याला मी काय करू? हजार-बाराशे डॉलर मोजायचे आणि रेघसुद्धा सरळ मिळू नये?"

दुर्बीण काढून नादीन दारात गेली आणि रेल्वेच्या रुळांपलीकडच्या धान्याच्या कोठाराकडे तिने ती रोखली. त्या गावात दुर्बिणीची परीक्षा तिथेच व्हायची. कोठाराच्या पत्र्यावर कधीकाळी रंगवलेली अक्षरं आता उडत चालली होती, आणि संध्याकाळी त्यातलं शेवटचं अक्षर ज्या काचेतून वाचता येईल ती काच चांगली, असा सगळ्या गावाचा हिशेब होता. नादीनने बराच वेळ पाहिलं. मग दुर्बीण वरची बाजू खाली करून पाहिलं.

"मला तर सरळ दिसतेय बाबा," ती म्हणाली.

"तू घाईत बघतेस."

"आणि ऐक. पहिली कंपनीकडून परत आली. त्यांचा फोन होता. काहीही दोष नाही म्हणे."

"ते म्हणणारच. आपलं दही आंबट आहे असं कोण म्हणतं?"

हे तो हसत म्हणाला. टोपी काढून त्याने कपाळ पुसलं. ऑक्टोबरचा वारा दारातून सरळ आत येत होता आणि घाम येण्यासारखं काही नव्हतं.

जूनमध्ये त्याला शिकारीचा परवाना लागला होता. नदीकाठच्या त्या फुटक्या, घळींच्या मुलखातल्या नर एल्कचा. मोठ्या शिंगांच्या त्या हरणासाठी दरवर्षी सोडत निघते, आणि ऑरिन अठरा-एकोणीस वर्षं अर्ज करत होता. त्याच्याबरोबर अर्ज करायला लागलेले दोघं तर वर गेले. त्या मुलखात झाड नाही, आडोसा नाही. या घळीतून त्या घळीवर, चारशे-साडेचारशे यार्डांवर नेम धरायची वेळ येते. बापाची जुनी दुर्बीण शंभर यार्डांवरच्या हरणापुरती ठीक होती, म्हणून जुलैच्या अखेरीला त्याने नवी घ्यायचं ठरवलं.

आता मधल्या किमतीची दुर्बीण घेणं म्हणजे डोक्याला ताप. स्वस्तातली घेतली तर ती स्वस्तातली आहे हे आधीच ठाऊक असतं. महागडी घेणारा पैसे देतो आणि बायकोपुढे गप्प बसतो. मधल्या भावात मात्र प्रत्येकीत कुठेतरी हात आखडलेला असतो. ऑरिनने पहिली घेतली तिची काच सुरेख होती, पण अंतराप्रमाणे फिरवायच्या चकत्या सैल. दुसरीच्या चकत्या कशा खटखट बोलायच्या, एकही खटका चुकायचा नाही, पण दिवस कलला की काच दुधाळ व्हायची. तिसरी एक होती, तिच्यात दोन्ही बऱ्यापैकी, वजन मात्र वरवंट्याएवढं. ती दिवसभर खांद्यावर घेऊन घळी चढायच्या म्हणजे साठी उलटलेल्या माणसाची परीक्षाच. यावर ऑरिन आणि नादीन यांचं ऑगस्टभर चाललं होतं, आणि त्यात दोघांनाही मजा येत होती.

पहिली दुर्बीण वापरून पाहिली त्याच दिवशी ती मजा संपली. खडीच्या जुन्या खाणीत रायफल पिशवीवर टेकवून, डावा डोळा मिटून त्याने उजवा दुर्बिणीला लावला आणि उभी रेघ त्याला वाकलेली दिसली.

दुर्बीण बिघडली म्हणून एवढी धास्ती कुणी घेत नाही. ऑरिनने घेतली, कारण त्याच्या आईला असंच झालं होतं. आधी तिला शिवणीचे टाके वाकडे दिसायला लागले. मग मधोमध धुरकट डाग आला, आणि शेवटची दहा वर्षं ती माणसाकडे मान कलती करून, बाजूने बघायची. ऑरिन दारात उभा राहिला तरी बोलेपर्यंत तिला तो कोण ते कळायचं नाही. उपाय नाही, असं तिच्या डॉक्टरने सांगून टाकलं होतं, आणि ते वाक्य ऑरिनने आयुष्यभरासाठी पाठ केलं होतं.

दोन्ही डोळे उघडे असले की सगळं सरळ दिसायचं. उजवा एकटा पडला की भानगड. हे तपासून बघायला स्वयंपाकघराची खिडकीसुद्धा पुरली असती. पण ऑरिनने दोन महिन्यांत घरात एकदाही डावा डोळा मिटला नाही. कॉफीच्या टेबलावर थापा मारताना डोळा मारायची त्याची सवय होती, तीही त्याने सोडली. त्याऐवजी तो दुर्बिणी बनवणाऱ्यांच्या नावाने खडे फोडत बसला. हल्ली कसं सगळं कामचुकार झालंय, मधल्या भावात गिऱ्हाईकाला कसं मूर्ख बनवतात, हे तो इतक्या तावातावाने सांगायचा की गावात दोघातिघांनी त्याचं ऐकून खरेदी पुढे ढकलली.

आणि नादीनला त्याने एक गोष्ट सांगितली नव्हती. गेल्या रविवारी तो आर्डिसला, बायकोला, खाणीत घेऊन गेला होता. दुसऱ्या दुर्बिणीने त्याच्या पाच गोळ्या कागदावर हव्या तशा विखुरल्या होत्या. आर्डिसने कित्येक वर्षांत बंदुकीला हात लावला नव्हता. ती चष्मा सावरत कुरकुरत आडवी झाली आणि तिने तीन गोळ्या अशा मारल्या की तिन्हींवर मिळून एक कॉफीचा कप ठेवता आला असता.

"बरी आहे की ही दुर्बीण," ती गुडघे झाडत म्हणाली. "तुझंच काहीतरी चुकतंय. श्वास धरून ठेवतोस तू."

"तुझं नशीब होतं," ऑरिन म्हणाला.

"तिन्ही वेळा?"

त्याने कागद काढून चुरगळला आणि गाडीत मागे टाकला. रात्री जेवताना आर्डिसने त्याला दोनदा विचारलं, आणि दोनदा त्याने बटाटे छान झालेत असं सांगितलं.

"मग आता काय, तिसरी?" नादीन विचारत होती. "ती वजनदार?"

"तीच दे."

"देते. पण ही रायफलवर मी बसवणार. पहिल्या दोन तू घरी बसवल्यास. कड्या जास्त आवळून नळीला पीळ देत असशील असा मला संशय आहे. हंगाम शनिवारी सुरू होतोय. बुधवारी रायफल घेऊन ये."

नळीला पीळ. हे ऑरिनच्या डोक्यातही आलं नव्हतं. घरी जाताना तो चक्क शीळ घालत होता. पीळच असणार. आपलाच हात जड. त्याने स्वतःला कितीतरी वेळा मूर्ख म्हणून घेतलं आणि दरवेळी त्याला बरं वाटलं. बुधवारपर्यंत मात्र रात्री झोप येईना. मनात पाल चुकचुकायची, तिला तो पिळाची गोष्ट सांगून गप्प करायचा, आणि पहाटेपर्यंत ती पुन्हा बोलायला लागायची.

बुधवारी नादीनने त्याला मागच्या लांबलचक गोदामात नेलं. एका टोकाला लाकडी घोडीवर रायफल आडवी ठेवली, बुडबुड्याच्या पट्टीने सपाट केली, आणि नवी दुर्बीण कड्यांमध्ये सैलसर बसवली. दुसऱ्या टोकाला तुळईपासून तिचा ओळंबा लोंबत होता. पांढरी दोरी, खाली शिशाचा लंबक, आणि तो हलू नये म्हणून तेलाच्या बादलीत बुडवलेला. तिच्या वडिलांपासूनची पद्धत होती ती. दुर्बिणीतली उभी रेघ त्या दोरीवर तंतोतंत बसली की मगच कड्या आवळायच्या.

"बस," ती म्हणाली. "मी नळी फिरवते. रेघ दोरीवर आली की सांग."

ऑरिन स्टुलावर बसला. त्याने डावा डोळा मिटला.

रेघ वाकडी होती. तिसऱ्या दुर्बिणीतही, फुलीच्या खाली, तिथेच. अजून आवळलेलं काही नाही, मग पीळ कसला? तो तसाच बघत राहिला. रेघेमागे दोरी होती.

"आली का?" नादीनने विचारलं.

"दोरी नीट लाव आधी."

"का?"

"वाकलीय ती."

नादीनचा हात थांबला.

"ऑरिन," ती हळू आवाजात म्हणाली, "तिला खाली दोन पौंड शिसं आहे."

त्याने दुर्बिणीवरून डोकं उचललं, पण डावा डोळा उघडला नाही. गोदामाच्या पलीकडे, मध्ये कुठलीही काच नसताना, दोरी मधोमध वाकलेली होती. तिच्यामागची फळी वाकलेली होती. दाराची चौकट वाकलेली होती, आणि दोरीच्या मधला थोडासा भाग तर नव्हताच, तिथे करडं काहीतरी होतं. त्याने डावा डोळा उघडला. सगळं जागच्या जागी आलं. पुन्हा मिटला. पुन्हा वाकलं. असं त्याने चार-पाच वेळा केलं.

"दुर्बीण चांगली आहे," तो शेवटी म्हणाला.

"तिन्ही चांगल्या होत्या रे."

"हो."

स्टुलावरून उठायला त्याला घोडीचा आधार घ्यावा लागला. नादीनने हात पुढे केला.

"गाडीच्या किल्ल्या दे. मी सोडते घरी."

"चाळीस वर्षं चालवतोय मी. दोन डोळ्यांनी सगळं दिसतं मला."

"तुझ्या गाडी चालवण्याबद्दल मी काही म्हटलं का? आर्डिसने ॲपल पाय केलीय असं ऐकलं. मला ती खायची आहे."

गाडीत तिने एकदाच विचारलं, "तिला तू सांगतोस की मी सांगू?"

"मी सांगतो," ऑरिन म्हणाला, आणि ॲपल पाय खाऊन नादीन तिला न्यायला आलेल्या भाच्याबरोबर निघून जाईपर्यंत त्याने सांगितलं नाही. मग सिंकपाशी उभं राहून त्याने आर्डिसच्या पाठीला सांगितलं. उजवा डोळा, वाकडी रेघ, मधला डाग, आईसारखं.

आर्डिस ताटली हातात घेऊन वळली. तिला रडू येईल असं त्याला वाटलं होतं. ती भडकली.

"म्हणून रविवारी मला खाणीत झोपवलंस? माझ्या डोळ्यांनी तुझी परीक्षा? आणि कागद चुरगळून टाकलास?"

"काय करणार होतीस कळून? आईच्या वेळी—"

"मला आईचं सांगू नकोस." तिने हात पुसले आणि फोनकडे गेली.

"हंगाम संपला की जाऊ ना," तो मागून म्हणाला. "अठरा वर्षांनी लागलाय परवाना, आर्डिस. डाव्या खांद्यावरून मारीन. येतं मला थोडंफार."

"हंगाम पाच आठवडे आहे. तुझा डोळा किती आठवडे आहे, ते विचारून येऊ आधी."

डोळ्यांच्या दवाखान्यातल्या बाईने फोनवर सगळं ऐकून घेतलं, दोन प्रश्न विचारले आणि थेट शुक्रवारची वेळ दिली. एवढ्या लवकर वेळ मिळाली म्हणून तर ऑरिनचं धाबं दणाणलं. साध्या गोष्टीला शहरातले हे डॉक्टर तीन महिने थांबवतात, हे त्याला माहीत होतं.

शुक्रवारी आर्डिसने गाडी चालवली. बिलिंग्ज शहरापर्यंत तीन तास लागले. त्याच्या डोळ्यांत थेंब घातले, हाताच्या शिरेत पिवळं औषध टोचून डोळ्याचे फोटो काढले, आणि मग डॉक्टर आली, त्यांच्या मुलीच्या वयाची. तिने संगणकाच्या पडद्यावर त्याच्या डोळ्याचा आडवा छेद दाखवला. एका जागी उंचवटा होता.

"इथे डोळ्याच्या मागच्या पडद्याखाली नवीन रक्तवाहिन्या फुटून पाझरताहेत," ती म्हणाली. "रेघ वाकडी दिसायला लागून किती दिवस झाले?"

"झाले असतील आठ-दहा दिवस," ऑरिन म्हणाला.

आर्डिसने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती समोरच्या भिंतीकडे बघत बसली होती, हातातली पर्स घट्ट धरून.

"नाही," तो म्हणाला. "ऑगस्टच्या अखेरपासून. मी दोन चांगल्या दुर्बिणी परत केल्या त्यापायी."

डॉक्टरला दुर्बिणींचं काही कळलं नाही. ऑगस्ट तेवढं कळलं. तिने मान हलवली.

"आज इंजेक्शन देऊ. मग दर महिन्याला. पाझर थांबवता येतो बहुतेक वेळा."

"डोळ्यात इंजेक्शन?"

"डोळ्यातच."

"म्हणजे याला उपाय आहे?" ऑरिन पुढे वाकला. "माझ्या आईला नाही म्हणून सांगितलं होतं."

"कधीची गोष्ट?"

"अठ्ठ्याऐंशी सालची."

"तेव्हा नव्हता," डॉक्टर म्हणाली. "आता बरीच वर्षं आहे."

ऑरिनने मांडीवरची टोपी उचलली आणि पुन्हा तिथेच ठेवली. जे विचारायचं नव्हतं, ते विचारल्याशिवाय त्याला राहवेना.

"आणि ऑगस्टमध्ये आलो असतो तर?"

तिने पडद्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"बरंचसं वाचलं असतं. मधला भाग गेलाय, तो परत येईल असं मी सांगणार नाही. कडेचं आहे ते आपण धरून ठेवू. आणि डाव्यावर लक्ष ठेवू."

मग खुर्ची मागे कलली. पापण्या उघड्या ठेवायला तिने तारेची कडी बसवली. भूल दिलेली होती, दुखणार नाही असं ती सांगत होती, पण ऑरिनला सुईची भीती नव्हती. सप्टेंबर गेला, अर्धाअधिक ऑक्टोबर गेला, ते सगळे दिवस एकामागून एक त्याच्या छातीवर येऊन बसले होते. गावभर बोंबलत फिरलो आपण, कंपन्यांना शिव्या घातल्या, आणि घरात खिडकीकडे बघायची हिंमत झाली नाही. आर्डिस खुर्चीशेजारी उभी होती. त्याने चाचपडत तिचा हात शोधला.

"भित्रा आहे मी," तो म्हणाला.

"आहेस," आर्डिस म्हणाली. तिने हात सोडला नाही. "आता ती सांगतेय तसं वर बघ."