गाळलेल्या प्रार्थना

केसांची पिन – खूण म्हणून पानांत खोचलेली, टोकाला जराशी गंजलेली – तिनं ओढून काढली, आणि पुस्तक नेमकं नको त्या जागी उघडलं. युद्ध ऐन भरात आलेलं, लेफ्टनंट बेपत्ता, आणि छावणीतल्या इस्पितळातली परिचारिका तंबूमागं गुडघे टेकून बसलेली... पुढचं अख्खं पान प्रार्थना. अख्खं! तोफा धडाडत असताना या बाईला एवढा वेळ मिळतो तरी कसा, असं तिच्या मनात आलं आणि पान उलटायला तिचं बोट सवयीनं पुढं सरकलंसुद्धा.

समोर सासूबाई ताठ बसल्या होत्या, हात मांडीवर, तोंड खिडकीकडं. त्यांना आता खिडकीचा उजेड तेवढा कळायचा. ती स्वतः चष्म्याच्या दुकानात कामाला होती. सकाळभर लोकांना अक्षरांच्या तक्त्यावरची खालची ओळ वाचायला लावायची, आणि ज्यांना दिसत नसे ते अंदाजानं काहीबाही ठोकून द्यायचे नाहीतर ओळच गुपचूप टाळायचे, आणि ते तिला लगेच कळायचं. पण घरातल्या या डोळ्यांना कुठलंच भिंग लागू पडेना. म्हणून दुपारी दुकान बंद असे तेवढ्या वेळात ती त्यांना वाचून दाखवायची – चर्चच्या कपाटातल्या कादंबऱ्या, सगळ्या जुन्या युद्धांच्या, आणि प्रत्येकीत एक देवभीरू मुलगी, एक सैनिक आणि दोघांच्या मधे अख्खी रणभूमी.

कुणालाही वाटेल, सासूपुढं वाचायचं म्हणजे सून चुंबनं गाळत असेल. छे! चुंबनं ती खणखणीत वाचायची. स्टेशनावरच्या मिठ्या, अंधाऱ्या तळघरात धरलेले हात, सगळं ठसक्यात, आणि सासूबाईही मजेत हुंकार द्यायच्या. गाळायची ती प्रार्थना. कारण तिनंही एकदा केली होती, इस्पितळातल्या त्या हिरव्या बाकावर बसून – त्याला परत दे, बाकी काही नको, फक्त त्याला... – आणि मग दार उघडलं, डॉक्टर बाहेर आले, आणि त्यांनी तोंड उघडायच्या आधीच तिला कळलं होतं. नवरा गेला तिचा. आणि सासूबाई, ज्यांच्या पोटचा तो पोर, त्या तिथंच म्हणाल्या होत्या, देवाची इच्छा. बस्स, तेव्हापासून देवाशी तिचा अबोला. भांडण नाही, तक्रार नाही. चर्चमध्ये ओठ हलवायचे आणि घरी यायचं.

मग वाचायचं तरी कशाला? पण शेवटी तो सैनिक येतो ना! लंगडत का होईना, फाटकाशी येऊन उभा राहतो, आणि ती हातातली बादली टाकून धावत सुटते... मला तेवढंच हवं असतं. तेवढ्यापुरता माझाही येतो. देवाचे आभार मानायचे तर त्या पोरींनी मानावेत, त्यांचे बरे परत येतात.

परिचारिका गुडघे टेकते एवढं वाचून तिनं पान उलटलं आणि थेट पुढचं, पट्ट्या बांधण्याचं, वाचायला लागली.

“मागं जा,” सासूबाई म्हणाल्या.

सासूबाई शांतपणे बोलत राहिल्या. म्हणे, परवा त्यांनी पाळकबाईंना चांगलं फैलावर घेतलं होतं, की चर्चच्या कपाटात असली कसली पुस्तकं ठेवता, ज्यात पोरी सारख्या चुंबनं घेतात आणि देवाचं नाव कुणी घेत नाही. पाळकबाई बिचाऱ्या गोंधळून गेल्या. अहो, त्यात तर पानापानावर प्रार्थना आहे, म्हणाल्या. तेव्हा कुठं यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

“तुझी परिचारिका गुडघे टेकते आणि लगेच उठून पट्ट्या बांधायला लागते. एवढ्यात कुणाची प्रार्थना होते?”

“लांबलचक आहे, आई.”

“मला कुठं जायचंय?”

आता आली का पंचाईत! तिनं पान मागं घेतलं आणि औषधाच्या बाटलीवरचा मजकूर वाचावा तसं सपाट वाचायला सुरुवात केली. प्रभू, तू दयाळू आहेस. प्रभू, तू सर्व जाणतोस. आणि मग... – तिची नजर अडखळली – जाणतोस तर गप्प का? मी तुझी जखमी लेकरं रोज उचलते, आणि तू माझा एक माणूस सांभाळू शकत नाहीस?

म्हणजे या भांडत होत्या! त्या भल्या, देवभीरू, नीटनेटक्या पोरी गुडघे टेकून सरळ भांडत होत्या, आणि आपण ती सगळी पानं कोरी असल्यासारखी उलटत राहिलो, एकटेच रुसून बसलो... तिचा आवाज चढला. छापलेलं संपलं, आमेनही झालं, पण आवाज थांबायला तयार नव्हता.

“मी पण मागितला होता,” ती म्हणाली. “ऐकू गेलं होतं तुला. तरी नेलास. का नेलास ते सांग मला. तुझी इच्छा एवढं म्हणून भागणार नाही, नीट सांग.”

पुस्तक मांडीवरून घसरून खाली पडलं होतं.

“हे पुस्तकातलं नाही,” सासूबाई म्हणाल्या.

“नाही.”

त्यांनी मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट धरले. “माझंही विचार त्याला. माझी छातीच झाली नाही कधी.”

तिनं खुर्ची पुढं ओढली आणि तो सुरकुतलेला हात हातात घेतला. लेफ्टनंट जिवंत आहे की मेला, हे अजून ठाऊक नव्हतं; उत्तर कुठूनच आलं नव्हतं, कदाचित येणारही नव्हतं. गाल भिजले होते, आणि तरी आत काहीतरी ताठ उभं राहिलं होतं, हरलेलं नव्हतं, मुळीच नव्हतं. अबोला तिनं मोडला होता, तोही एका शब्दानं माफी न मागता. आवाज तसूभरही खाली न आणता ती देवाला म्हणाली, “आणि ही त्याची आई आहे. आम्ही दोघी बसलोय इथं.”